कोण बोललं?

कुठलीही सभा सुटली की दारातच कुणीतरी विचारतं, "कोण बोललं?" काय बोललं, हे नंतर. तुम्ही-आम्ही सगळेच असं विचारतो. त्यात काही वावगं आहे असं आपल्याला वाटतही नाही. सारिका मॅडमनाही वाटत नव्हतं.

डोणगावपासून थोडं आत असलेल्या एका गावच्या शाळेत त्या बारा वर्षं शिकवत होत्या. अक्षर मोत्यासारखं, म्हणून सभेचं इतिवृत्त लिहायचं काम कायम त्यांच्याकडे. यंदा केंद्रप्रमुख धम्मरत्न सरांनी दहा शाळांच्या स्वयंपाकिणींची बैठक बोलावली. पोषण आहाराचे नवे नियम ठरवायचे होते, आणि इतिवृत्त लिहायला मॅडमच होत्या. सरांनी सुरुवातीलाच सांगितलं, "इथं जे बोलाल ते मी वरपर्यंत नेईन. पण कोण बोललं, हे या खोलीबाहेर जाणार नाही. हा माझा शब्द."

मग मॅडमच्याच शाळेतल्या वच्छलाबाई उठल्या. चौदा वर्षं त्या चुलीपुढे होत्या.

"सायेब, तांदयात किडे निघतात. आमी निवडू निवडू थकतो, तरी लेकराईच्या ताटात येतात. अध्यक्षाईले सांगतलं तर म्हणतात, गुमान शिजव."

मॅडमनी नेहमीच्या सवयीनं लिहिलं : 'श्रीमती वच्छलाबाई यांनी सांगितले की...' आणि नेहमीच्या सवयीनं संध्याकाळी पानाचा फोटो काढून शाळेच्या ग्रुपवर टाकला. सरांचं सुरुवातीचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. पण सभेच्या आरंभी असं काहीतरी बोलतातच, एवढंच त्यांना वाटलं होतं.

त्या ग्रुपवर शाळा समितीचे अध्यक्ष अर्जुनराव होते. धान्य पोचवणारा ठेकेदार त्यांचा साडभाऊ होता.

पाचव्या दिवशी समितीचा ठराव झाला : वच्छलाबाईंचं वय झालं, त्यांच्या जागी दुसरी बाई घ्यावी. हे इतिवृत्तही मॅडमनीच लिहिलं. त्याच मोत्यासारख्या अक्षरात. आत काहीतरी बंद पडल्यासारखं झालं होतं, एवढंच.

दिवस तसेच जात राहिले. त्या हजेरी घेत, पाढे म्हणून घेत, दुपारी रोजच्यासारखी खिचडी चाखून नोंदवहीत 'चव उत्तम' लिहून सही करत. खिचडी खारट होती की अळणी, हे त्यांना सांगता आलं नसतं. समोर मुलं ताटातले किडे बोटानं बाजूला सारून जेवत. हे त्या आज बघत होत्या असं नाही. वर्षभर बघत होत्या.

एका दुपारी धम्मरत्न सर आले. त्यांनी आवाज चढवला नाही.

"मॅडम, शब्द मी दिला होता. मोडला तुम्ही."

"सर, इतिवृत्तात नाव लिहायची पद्धतच आहे. आणि नाव नसेल तर कुणी खोटंही बोलेल की."

"बोलेल ना. म्हणून तर पोतं उघडून बघायचं! बोललेलं तपासायचं असतं मॅडम, बोलणारीला नाही. ती वच्छलाबाई होती की आणखी कुणी, हे कळल्यानं तांदळातला एक तरी किडा कमी झाला का?"

मॅडमनी समोरची नोंदवही मिटली.

"मी दहाही शाळांची पोती एकाच दिवशी उघडणार होतो. कुणाकडे बोट गेलं नसतं. तुमच्या फोटोनं आधी त्या बाईचं काम गेलं. आता बाकीच्या नऊ जणी मला बघून रस्ता बदलतात. ज्याच्या हातात काही नाही, त्याला खरं बोलायला एवढाच आडोसा असतो. तोही आपण काढून घेतला."

शाळा सुटल्यावर मॅडम वच्छलाबाईंच्या घरी गेल्या. बाई दुसऱ्याच्या वावरातून नुकत्याच परतल्या होत्या. विळ्यानं सोयाबीन सोंगून बोटं कापली होती. त्यांनी पाणी दिलं, बसायला टाकलं, आणि पायरीवर बसून राहिल्या.

"माझं चुकलं, वच्छलाबाई."

"तुमचं अक्षर लई चांगलं हाय, मॅडम. त्याईले दुरूनच वाचता आलं."

त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं मॅडमना वाटलं.

"मले लेकराईचं वाटते," वच्छलाबाई म्हणाल्या. "नवी बाई काई बोलन नाई आता. काऊन बोलन?"

पुढच्या सोमवारी पालकसभा होती. अर्जुनराव खुर्चीत बसले होते. विषय संपले, चहा आला, तेवढ्यात सारिका मॅडम उठल्या. आवाज सपाट होता, पाठ केलेलं म्हणावं तसा.

"मी रोज खिचडी चाखते आणि 'चव उत्तम' लिहिते. ते खोटं आहे. तांदळात किडे आहेत. वर्षभर आहेत. मी बघितलंय."

अध्यक्षांनी चहाचा कप खाली ठेवला.

"मॅडम, विचार करून बोला," अर्जुनराव म्हणाले. "हे नोंदीत जाईल."

"जाऊ द्या! मी स्वतःच लिहिते, आणि खाली माझं नाव घालते! माझं नाव द्यायचा हक्क मला आहे. वच्छलाबाईंचं द्यायचा नव्हता. त्यांचं काम माझ्या हातानं गेलं."

मागून एक बाई उठली. "आमचा पोरगा रोज हेच सांगून राह्यला घरी!" मग दुसरी उठली, मग चार-पाच जणी. त्याच दुपारी पालकांनी कोठीचं दार उघडायला लावलं. पोतं ओतलं, तर तांदूळ अक्षरशः चालत होता!

त्या आठवड्यात सरांनी दहाही शाळांच्या कोठ्या तपासल्या. तीन ठिकाणी तसंच निघालं. ठेकेदाराकडे माल परत गेला. महिन्याभरानं समितीला ठराव फिरवावा लागला, आणि वच्छलाबाई पुन्हा चुलीपुढे आल्या. मॅडमशी त्या कामापुरतंच बोलतात. मॅडमनीही त्याहून जास्त मागितलं नाही.

स्वयंपाकिणींची पुढची बैठक झाली तेव्हा अर्धा तास कुणी बोललं नाही. मॅडमनी मोबाइल पिशवीत टाकून पिशवी दाराबाहेर ठेवली. वहीत फक्त विषय लिहीन, आणि उठण्याआधी सगळ्यांना वाचून दाखवीन, असं सांगितलं. शेवटी कोपऱ्यातून एक हलका आवाज आला, "तेलाचं सांगू का?"

मॅडमनी मान वर केली नाही. त्यांनी लिहिलं : 'तेलाबाबत तक्रार आली.' तेवढंच.

बंधूंनो, भगिनींनो, सभा गावची असो, कचेरीची असो की बचतगटाची, विश्वासानं बोलणारं माणूस आपल्या हाती काहीतरी सोपवून जातं. त्याचं नाव आपल्या मालकीचं नसतं. तेव्हा सभेतून बाहेर पडताना एवढंच विचारू या : काय बोललं गेलं, आणि त्यावर आपण काय करणार?