पेटीत ठेवायच्या आधी

गोंदियाच्या स्टार्टअप केंद्राकडून पत्र आलं. त्यात लिहिलं होतं : "अभिनंदन! आपल्या उद्योगाची नवजात अर्भक पेटीसाठी निवड झाली आहे. कालावधी सहा महिने. संस्थापकांनी गुरुवारी सादरीकरणास उपस्थित राहावे."

इंग्रजीत तो इनक्युबेटर होता. मराठी कुठल्याशा मशीननं केलं होतं, आणि मशीनला ते बरोबरच वाटलं असणार. पत्र पोस्टमननं आधी वाचलं, त्यामुळे दुपारी आरोग्य खात्याच्या आशाताई, सावित्रीबाई, लोहाच्या गोळ्या आणि रजिस्टर घेऊन दारात हजर.

"कोन बाळंत झाली वो?"

"कोनी नाई, काकू. धंद्याची निवड झाली," मी म्हणालो.

सावित्रीबाईंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. तरी गोळ्यांची एक पट्टी देऊन गेल्याच.

आमचा उद्योगही पेट्यांचाच. वाजवायच्या पेट्या, हार्मोनियम. दंडारीच्या लोकनाट्याच्या आणि भजनाच्या मंडळांच्या बिघडलेल्या पेट्या आमच्या तिरोड्याजवळच्या गावात येतात, आणि माझी माय, नूतनबाई, त्या सुरात आणते. मी स्क्रू काढतो. अर्जात मी स्वतःला 'तांत्रिक संचालक' लिहिलं होतं. जुन्या पेट्या घ्यायच्या, नव्यानं बांधायच्या आणि झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांना द्यायच्या, असा माझा बेत. केंद्रात जागा मिळणार होती, अवजारं मिळणार होती, शिकवणारी माणसं मिळणार होती. ही जागा हुकली तर दिवाळीनंतर मी पुण्याला कुरिअर कंपनीत जायचं, हे घरात ठरलेलं होतं. आणि मायशिवाय जागा मिळणार नव्हती, कारण नुसते स्क्रू काढणाऱ्याला कोणी उद्योजक म्हणत नाही.

मायनं पत्र दोनदा वाचलं. घडी घातली.

"मी नाई येत."

"काऊन?"

"पेटीत ठेवून राहिले ना ते? मी नाई येत."

माझ्या आधी एक मुलगी झाली होती. सातव्या महिन्यात. गोंदियाच्या एका दवाखान्यात तीन दिवस ती काचेच्या पेटीत होती. हे मला माहीत होतं, जसं घरातली कुठली फरशी सैल आहे हे माहीत असतं. तिच्यावर पाय ठेवायचा नाही, बस्स. चौथ्या दिवशी माय एकटी घरी आली आणि तिनं बोलणं सोडलं. महिना झाला तेव्हा माझ्या आज्यानं, उमरावनं, एक बिघडलेली पेटी तिच्यापुढे आणून ठेवली. म्हणाला, "हिचा एक सूर रडून राहिला, पाय बरं, बाई." मायनं पाहिलं. आमच्या घरात धंदा असा सुरू झाला.

"माय, ते ऑफिस हाय," मी म्हणालो. "तिथं काच-बीच काही नाई."

ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली.

"मंग पाहून येतो. आत जाऊ देतील काय?"

"देतील ना."

केंद्र एका राइस मिलवाल्याच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. वर पोचलो आणि पाहिलं, तर सगळ्या खोल्या काचेच्या. भिंती काचेच्या, दारं काचेची. आत पोरं लॅपटॉपपुढे निपचित पडल्यासारखी बसलेली, वर पांढरे दिवे. माय दारातच थांबली. तिनं माझा हात धरला नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. पिशवीतली कानस चाचपली आणि आत गेली.

"आइए, आइए, मावशी," केंद्राचे हिमांशू सर उठून म्हणाले. चांगला माणूस. खुर्ची दिली, पाणी दिलं. मी माझं सादरीकरण सुरू केलं. चौथ्या स्लाइडवर मायनं हात वर केला.

"एक इचारू काय जी?"

"विचारा ना, मावशी."

"तुमी दहा ठेवले, तं किती जगतात?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं, पण भिंत काचेची असल्यामुळे पलीकडच्या पोराकडे पाहिलं गेलं.

"सच बताऊं तो, दोन," सर म्हणाले. "तीन टिकले तर आम्ही पेढे वाटतो."

"अन् बाकीचे?"

"बाकीचे बंद पडतात, मावशी."

"त्याईचे नाव काय होते?"

सरांनी आठवून पाहिलं. मग कपाटातून फाइल काढली. "टीम चार... टीम सात... नावं बहुतेकांची ठरलीच नव्हती. तोपर्यंत आम्ही नंबर देतो."

"माह्या पोरीले बी नाव नोतं," माय म्हणाली. "चिठ्ठीवर लिवलं होतं, बेबी ऑफ नूतन. बाराव्या दिवशी ठेवू म्हनलं. बारावा दिवस नाई आला."

शेजारच्या खोलीत कोणीतरी फोनवर लोगोचा रंग ठरवत होतं.

"आमच्या अर्जात नावाच्या जागी काय लिवलं, ओमेश?"

मी 'नंतर ठरवू' असं लिहिलं होतं. तिला ते वाचून दाखवलं. इतकं हळू मी आयुष्यात काही वाचलेलं नाही.

"जगला तं जगला, मेला तं मेला," माय सरांना म्हणाली. "पन नाव ठेवल्याबिगर मी ह्याले पेटीत ठेवू देनार नाई."

"तो फिर अभी रखिए, मावशी. तुम्हीच ठेवा."

"पुष्पांजली."

तिनं विचार केला नाही. मी ते नाव आमच्या घरात कधी ऐकलं नव्हतं. बापाच्या तोंडून नाही, आज्याच्या नाही. कोणासाठी निवडलेलं होतं ते मात्र मला कोणी सांगायची गरज पडली नाही.

सरांनी अर्जावर लिहिलं : पुष्पांजली हार्मोनियम. मग सवयीनं पुढचा रकाना विचारला.

"स्थापना कधीची?"

"अठ्ठ्यान्नवची. श्रावनातली."

"मावशी, दहा वर्षांहून जुना उद्योग आमच्या नियमात बसत नाही हो."

"जुनी कायची जी," माय म्हणाली. "तीनच दिवसाची हाय ते."

हिमांशू सरांनी पेन टेबलावर ठेवलं. चष्मा पुसला. पेन पुन्हा उचललं आणि त्या रकान्यात लिहिलं : नवीन.

सही करायच्या आधी मायनं एकच अट घातली. "तवा सिस्टर मले आत येऊ देत नोती. बाहेरूनच पाहिलं. आता मी आत बसीन."

"आतच बसायचं आहे, मावशी. जागा तुमचीच आहे."

सोमवारी आम्हाला कोपऱ्यातली खोली मिळाली. मी खालून डबा आणायला गेलो आणि परत आलो, तर माय आत, दार लावलेलं. पुढ्यात एका भजन मंडळाची पेटी उघडी. तिनं पेटीतून एक सूर काढून घेतला होता, त्याच्या पितळेच्या जिभेचं टोक दोनदा कानशीनं घासलं, परत बसवला, भाता हलवला. काचेतून मला काहीच ऐकू येत नव्हतं. फक्त तिची मान एका बाजूला कललेली दिसत होती. पुन्हा काढला, पुन्हा घासला. मी डबा घेऊन उभाच होतो. किती वेळ, कोण जाणे.

शेवटी तिनंच उठून दार उघडलं.

"बाहेर कायले उभा हायेस?" ती म्हणाली. "आत ये ना."