माल द्या गोला

पहिलं बाळंतपण माहेरचं, हे धसई गावात कोणाला सांगावं लागत नाही. पण सकुबाईची प्रियांका नवऱ्यासोबत इटलीत जाऊन बसली होती आणि डॉक्टरांनी आता तिचा विमानप्रवास बंद केला होता. तेव्हा माहेरानंच तिकडे जायचं ठरलं. तिकीट मात्र एकच. जावई अक्षय दिवसभर हॉटेलच्या भटारखान्यात, म्हणून घराखालच्या मेडिकलमधून औषध आणू शकणारं माणूस हवं. त्याने अट घातली, फोनवरून त्या मेडिकलवालीशी इटालियनमध्ये बोलून औषध मिळवून दाखवलंत तर तुम्ही या, नाहीतर वाशिंदहून माझी आई येईल. त्याच्या आईला, म्हणजे वत्सलाबाईंना, थोडं इंग्रजी येत होतं आणि ते त्या लपवून ठेवत नसत.

सकुबाईच्या जिवाला घोर लागला. तिने धसईतल्या काळूराम मेडिकलवाल्याला गाठलं. त्याने मोबाइलवर इटालियन शिकवणारी बाई लावली. बाई म्हणाली, "माल दि गोला."

"काय म्हनते रं ती?"

"माल दि, म्हंजे माल दे," काळूराम बिनदिक्कत बोलला. "पोटात गोळा आलाय, त्याचा माल दे."

"आन् हे माल दि तेस्ता?"

"ते टेस्ट करायची झाली तर."

खरं म्हणजे पहिलं घसा दुखण्याचं होतं आणि दुसरं डोकं दुखण्याचं. पण काळूराम ज्या भरवशाने औषध द्यायचा त्याच भरवशाने शिकवायचाही. सकुबाईला अडचण वाटली ती वेगळीच.

"परक्या मुलखात बाईमानसाला माल दे कसं म्हनू? उद्या म्हनतील, प्रियांकाच्या आयशीला वळन नाय. मी आपली माल द्या म्हनते."

काळूरामला ते पटलं. पटलं इतकं, की सकुबाईचा सराव व्हावा म्हणून तो मराठीत मागणाऱ्याला औषधच देईना. गावातल्या चांगोचं डोकं दुखत होतं. त्याला दोनच वाक्यं ऐकून माहीत, आणि पोट तर ठणठणीत. म्हणून तो "माल द्या तेस्ता" म्हणाला. अगदी बरोबर बोलला बिचारा. काळूरामने त्याला रक्त तपासायला मुरबाडला पाठवलं. तो एसटीने जाऊन सुई टोचून घेऊन आला, डोकं होतं तसंच.

परीक्षेच्या दिवशी अक्षय फोन धरून तिकडच्या मेडिकलमध्ये उभा राहिला. पडद्यावर पांढऱ्या केसांची बाई दिसली.

"आई, घसा दुखतोय म्हणून सांगा," अक्षय म्हणाला.

सकुबाईला इटालियनमधला घसा ठाऊक नव्हता. ठाऊक होता तो पोटातला गोळा, आणि तो आत्ता खरोखरच आला होता. तिने पदर सारखा केला, पोट धरलं आणि म्हणाली, "माल द्या गोला."

"गोला?" बाईने स्वतःच्या गळ्याला हात लावला. सकुबाईने पोट दाखवलं. बाई गोंधळली, मग मायेने म्हणाली, "नोन्ना?"

सकुबाईचे डोळे भरून आले. आपल्या नवऱ्याला सगळी धसई नाना म्हणायची, पण इटलीतल्या बाईला ते कसं कळलं?

"नाना नाय गो आता," ती म्हणाली. "गेल्या साली गेले. नातवंड बघायचं ऱ्हायलं त्यांचं. म्हनून तर मला यायचंय."

बाईला एक अक्षर कळलं नाही. तिने एक डबी काउंटरवर ठेवली आणि अक्षयला चांगलंच झापलं.

"काय म्हनली?"

"नोन्ना म्हणजे आजी," अक्षय खाली बघत म्हणाला. "आजी रडतेय आणि तू फोन काय धरून उभा राहिलायस, तिला घेऊन ये, म्हणाली."

आजी. सकुबाईला अजून कोणीच तसं म्हटलं नव्हतं. तिने पदराने डोळे टिपले.

"जावईबापू, माल दिला ना तिनं?"

"दिला. घशाच्या गोळ्या आहेत."

"मंग काढा तिकीट. आन् वत्सलाबायना सांगा, तिकडं इंग्रजी नाय चालत. द्या म्हनायला लागतं."