झेंडूच्या वावरातला फेस

बडनेऱ्याच्या पुढे अकोला रस्त्यावरून पेट्रोलचा टँकर एका वावराच्या कडेला कलंडला. पेट्रोल नालीतून वाहत गोवर्धनच्या झेंडूच्या वावरात उतरलं आणि भडकलं. ड्रायव्हर उडी मारून वाचला. अग्निशमनची गाडी पोचली तेव्हा गोवर्धन मोटर लावून आगीवर पाणी मारत होता, आणि त्याच पाण्यावर तरंगत आग त्याच्या झोपडीकडे सरकत होती.

"काका, पाणी बंद करा!" अग्निशमनची जवान वर्षाली गाडीतून उतरतानाच ओरडली.

"माहं वावर जळून राहिलं न् पाणी बंद करू?"

"पेट्रोल पाण्यावर तरंगते! तुमीच आग घराकडे नेऊन राहिले!"

गोवर्धनची बायको माणिकबाई झोपडीपाशीच उभी होती. पाण्याबरोबर आग जवळ येताना तिला दिसत होती. तिनं मोटर बंद केली.

फेसाची नळी वर्षालीनं सरावात बरेचदा धरली होती. खऱ्या पेट्रोलवर आज पहिल्यांदाच. मागून तिचे वरिष्ठ सूर्यभानजी म्हणाले, "आगीत थेट घुसवू नको. टँकरच्या अंगावर मार, तिथून ओघळू दे."

चेहरा भाजत होता आणि फेस आपला सावकाश ओघळत होता. थेट जाळावर धार सोडावी, असं तिच्या हातांना फार वाटलं. पण जोराच्या धारेनं पेट्रोल घुसळलं जातं. तिनं हात आवरले. फेस पेट्रोलहून हलका. तो वर पसरत गेला, खालची वाफ दाबत आणि वरची हवा तोडत. त्यातलं पाणी झिरपून थंडावा देत होतं. जाळ आखडत आखडत विझला.

"इझली!" म्हणत गोवर्धन पलीकडच्या धुऱ्यावर, वावराच्या बांधावर ठेवलेल्या फुलांच्या टोपल्यांकडे धावला, थेट फेसातून. पावलं पडली तिथं फेस फाटला आणि पेट्रोल उघडं पडलं. कडेला कुंपणाचा एक खुंट अजून धुमसत होता. भपकन जाळ उठला आणि त्याच्या पावलांमागे पळत आला.

"काका, हलू नका! जागचे हलू नका!"

एवढं ऐकून थांबणं सोपं नव्हतं. तरी तो थांबला. वर्षालीनं धार त्याच्या मागच्या जमिनीवर आडवी सोडली. फेस वाहत येऊन त्याच्या पायांभोवती मिटला, जाळ गुदमरला. मग ती सांगेल तसं एकेक पाऊल टाकत तो बाहेर आला. मागची प्रत्येक खूण ती झाकत गेली.

गोवर्धनच्या पिंढरीवर फोड आले होते. "फुलं मोठी का जीव?" माणिकबाई त्याच्यावर कडाडली आणि मग रडली. त्याला अमरावतीच्या दवाखान्यात पाठवलं.

झेंडू तर गेलाच होता. सूर्यभानजींनी सांगितलं, "फेस विहिरीत जाऊ देऊ नका. पाण्याची तपासणी होईपर्यंत ते पिऊही नका." टँकर रिकामा होईपर्यंत फेस विरेल तिथं नवा टाकत राहायचं होतं. ते काम त्यांनी स्वतःकडे घेतलं आणि वर्षालीला फेस अडवायला विहिरीकडे पाठवलं.

"कुठली व तू, पोरी?" माणिकबाईनं विचारलं.

"धामणगावची. आमी वांगे लावतो."

"मंग मातीचा बांध घालता येत असंन तुले," म्हणत माणिकबाईनं तिच्या हातात फावडं दिलं आणि दुसरं स्वतः घेतलं.