गुडघ्याची खूण

सकाळी साडेपाचला बायको कामावर निघाली तेव्हा मुलगी झोपली होती, म्हणून दोघं ओठांनीच बोलले. आवाज न काढता, तोंड मोठं करून, एकेक शब्द सुटा. यंत्रमागाच्या शेडमध्ये काम करणाऱ्यांना हे बोलणं येतं. तिथे दोनशे माग एकदम चालतात, ओरडून काही उपयोग नसतो. सगळे एकमेकांचे ओठ बघून बोलतात. कुणाला हाक मारायची तर पायाने जमीन आपटतात, नाहीतर खांद्याला हात लावतात. बायको तिथे सहा माग सांभाळायची. नवरा बिघडलेले माग दुरुस्त करायचा, म्हणून शेडमध्ये त्याला सगळे फिटरच म्हणत.

"आज नक्की काय ते विचारून ये," बायकोचे ओठ म्हणाले.

"विचारतो ना."

"मागच्यासारखा कागद घेऊन नाचत येऊ नकोस."

"नाचलो कुठे?"

"नाचलास. आईंना फोन करून वाचून दाखवलास."

तिने चपला हातात घेतल्या, मुलगी जागी होऊ नये म्हणून दार अगदी हळू लोटलं, आणि जिना उतरल्यावरच चपला घातल्या.

मुलीला सगळे गोटी म्हणत. जन्मली तेव्हा गोल होती, अजूनही गोलच होती. दोन वर्षं चार महिने झाले होते, पण एकही शब्द नव्हता. हसायची, ओरडायची, हवं ते बोट दाखवून मागायची. आईबापांच्या तोंडाकडे इतकं रोखून बघायची की पाहुणे म्हणत, किती लक्ष आहे हो पोरीचं! गिरणीचा भोंगा डोक्यावर वाजला की बाकीची मुलं भोकाड पसरत आणि गोटी शांतपणे बिस्किट खात राही. फिटर चारचौघांत सांगायचा, "वाघीण आहे आमची."

तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला होता. गोटी अकरा महिन्यांची असताना नेहमीच्या तपासणीत तिचे कान बघितले होते. दोन्ही कान ठीक. खाली सही आणि शिक्का. सहा महिन्यांपूर्वी बायको पहिल्यांदा म्हणाली, "मला वाटतं, तिला ऐकू येत नाही." फिटरने कपाट उघडून कागदावर बोट आपटलं होतं.

"ऐकू तुला येत नाही. सात वर्षं मागांत काढलीस."

"मी मागून हाक मारते, ती बघत नाही."

"मी मारली की बघते. थांब, दाखवतो."

तो जिन्यात गेला, परत आला आणि रोजच्यासारखा उंबऱ्यावर दोनदा पाय आपटून आत शिरला. पाठमोरी बसलेली गोटी झटकन वळली आणि दुडदुडत येऊन त्याच्या पायाला बिलगली. "बघ!" तो म्हणाला. फिटरची आई फोनवर म्हणाली, "सूनबाई, अगं हा चार वर्षांचा होईपर्यंत मुका होता. आणि आता? दोन मिनिटं गप्प बसवून दाखव." सगळे हसले. बायकोही थोडी हसली. नंतर तिने तो विषय काढला नाही. मागच्या महिन्यात, कुणाला न विचारता, तिने मोठ्या शहरातल्या श्रवण केंद्रातली आजची वेळ घेतली. सकाळची पाळी तिला सुटत नव्हती आणि त्याची पाळी दुपारी दोनला सुरू व्हायची, त्यामुळे गोटीला घेऊन जायचं त्याच्याकडे आलं.

दोन बसगाड्या बदलून जायचं होतं. पिशवीत पाण्याची बाटली, बिस्किटं, दोन चड्ड्या, जुना कागद आणि सुताची एक रिकामी लाकडी कांडी. घरात खेळणी होती, पण गोटीला कांडीच लागे. ती हातात नसली की तिला झोपसुद्धा येत नसे. पहिल्या बसमध्ये तिने खिडकीच्या काचेला नाक लावलं, मग जीभ लावली. शेजारच्या आजीबाईंनी विचारलं, "नाव काय गं तुझं, बाळा?" गोटी काच चाटत राहिली.

"लाजते," फिटर म्हणाला.

"काय वय?"

"दोन... दोन झाली नुकतीच." चार महिने त्याने का गिळले ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

कंडक्टर तिकीट फाडत म्हणाला, "बोलत नाही? मग फार शहाणी आहे. दोन दिवस आमच्याकडे पाठवा, घरात जरा शांतता होईल." फिटर हसला. त्याला कंडक्टर आवडला. दुसरी बस येईपर्यंत त्याने गोटीची चड्डी बदलली, थांब्याच्या नळावर तिचं नाक धुतलं आणि तिच्या पुढे उकिडवा बसून म्हणाला, "आज नीट ऐकायचं हं." तिने त्याच्या ओठांवर कांडी टेकवली.

केंद्रातली खोली लहान होती आणि भिंतींना जाड गादीसारखं काहीतरी लावलेलं होतं. दार मिटल्यावर इतकी शांतता झाली की फिटरला आपल्या कानातली कायमची शिटी ऐकू यायला लागली. डावीकडे एक पेटी, उजवीकडे एक पेटी, दोन्हींवर अंधारी काच. ही रचना त्याला ओळखीची होती. आवाज आला आणि मूल त्या बाजूला वळलं की काचेमागे दिवा लागून माकड झांजा वाजवतं. मागच्या वेळी गोटीने सगळी माकडं नाचवली होती.

तेव्हाचा तपासणारा मुलगाच होता, नवखा, घाईत असलेला. आज चष्मा लावलेल्या पोक्त बाई होत्या. त्यांनी गोटीला फिटरच्या मांडीवर बसवलं आणि एक जाडजूड हेडफोन त्याच्याच डोक्यावर चढवला.

"मला कशाला? तपासायचं तिला आहे."

"तुम्हाला आवाज ऐकू यायला नको. यात गाणं लागेल. पाय जमिनीवर सपाट ठेवा. मांडी अजिबात हलवू नका."

"मांडी?"

"आईबाप नकळत हलवतात. आवाज आला की त्या बाजूला जरासा जोर देतात. मुलाला तेवढं पुरतं."

बाई समोरच्या खिडकीच्या काचेपलीकडे गेल्या. फिटरच्या कानात गाणं सुरू झालं. त्याला आता काही कळत नव्हतं, फक्त गोटीचा टाळू दिसत होता, आणि त्यावरचा भोवरा. तो वाट बघत राहिला. गोटी कांडीला झालेली चीर नखाने उकरत होती. बाईंनी मुद्दामच एका बाजूचं माकड नाचवून दाखवलं तेव्हा ती दचकली, हसली, पुन्हा चीर उकरू लागली. काचेपलीकडे बाई बटणं फिरवत होत्या, लिहीत होत्या. भोवरा डावीकडे गेला नाही. उजवीकडे गेला नाही.

गाणं चालू असतानाच फिटरला आपला गुडघा आठवला.

तेव्हा हेडफोन नव्हता. शेडमध्ये निम्मे झालेले त्याचे कान, तो जीव कानांत आणून ऐकत होता. बारीक आवाज डावीकडून आला की त्याला इतका आनंद व्हायचा, आणि त्याच क्षणी त्याची डावी टाच उचलली जायची. उजवीकडून आला की उजवी. शेडमध्ये बारा वर्षं तो असाच हाका मारत आला होता. शेजारच्या मागावरच्या माणसाला हळूच गुडघा लावायचा, तिकडे बघ, धागा तुटलाय. आणि ही पोर त्याच्या घरात जन्मलेली. गुडघा हलला की त्या बाजूला बघायचं, एवढं तिला अकराव्या महिन्यातही येत होतं.

बाई आत आल्या, त्याच्या डोक्यावरचा हेडफोन काढला आणि समोर स्टूल ओढून बसल्या. त्यांचं बोलणं संथ होतं. फार मोठा आवाजही तिच्यापर्यंत पोहोचत नाही. झोपेत एक तपासणी अजून करू, पण मला तरी शंका वाटत नाही. मग त्यांनी जुना कागद उलटसुलट करून पाहिला.

"इथे तर दोन्ही कान ठीक लिहिलेत. म्हणजे नंतर गेलं असणार. मोठा ताप वगैरे येऊन गेला होता का?"

फिटरने गोटीची टोपी पिशवीत भरली. परत काढली.

"चौदाव्या महिन्यात आला होता. चार दिवस."

"मग तसंच असेल. त्यातल्या त्यात बरं. ज्यांनी वर्षभर तरी ऐकलंय, त्यांना पुढे शिकवायला आम्हाला धागा सापडतो. आम्ही त्या रीतीने सुरुवात करतो." त्यांनी फॉर्मवर 'तापानंतर' असं लिहिलं. त्याला ते अक्षर उलटं दिसत होतं, तरी वाचता आलं.

"ते कानात बसवतात, ते ऑपरेशन?"

"यादीत नाव घालते. पण दोन वर्षांच्या आतल्या मुलांचा नंबर आधी लागतो. लहानपणी मेंदू पटकन शिकतो. हिला थांबावं लागेल. किती ते मी सांगू शकत नाही."

"आणि वर्षापूर्वी आलो असतो तर?"

"तेव्हा तुमच्या हातात हा कागद होता ना?" बाई खरोखर मायेने म्हणाल्या. "तुमचा काय दोष?"

फॉर्मची प्रत पिशवीत घालून तो खुर्चीतून उठला. सांगावं असं त्याला वाटत होतं. दारापर्यंत वाटत होतं. बाहेर बाकावर एक जोडपं लहान बाळ घेऊन बसलं होतं, सहा महिन्यांचं असेल. बाईंनी त्यांना आत बोलावलं आणि दार मिटलं.

परतीच्या बसमध्ये मागची सीट मिळाली. गोटी त्याच्या मांडीवर, पाठ त्याच्या छातीला टेकलेली. मग त्याने डावा गुडघा बोटभर उचलला. गोटीने डावीकडे पाहिलं. उजवा उचलला, उजवीकडे पाहिलं. तिकडे काही नव्हतं, बसचा पत्रा होता. तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, यात काहीतरी खेळ आहे असं तिला वाटलं असावं, आणि ती दात दाखवून हसली. त्याने पुन्हा गुडघा हलवला नाही. मग तीच त्याच्या मांडीवर थापा मारू लागली. कर ना. कर ना. पुढच्या सीटवरचा माणूस वळून म्हणाला, "करमतंय बुवा पोरीला बापाजवळ!"

उरलेल्या वाटेत त्याने बायकोला काय सांगायचं ते जुळवलं. फार काही जुळवायचं नव्हतंच. बाईंनीच सगळं दिलं होतं.

दोनला पाच मिनिटं कमी असताना तो गिरणीच्या फाटकाशी पोहोचला. तिथे एक सिमेंटचा बाक होता. रोज याच बाकावर गोटी या हातातून त्या हातात जायची. बायको आज लवकर सुटली होती. केसांत कापूस अडकलेला, कपाळावर पदराची रेघ. तिने गोटीला घेतलं नाही, आधी त्याचं तोंड पाहिलं.

"बोल."

"ऐकू येत नाही," तो म्हणाला.

ती बाकावर बसली. तोही बसला, गोटीला मांडीवर घेऊन. बायकोने फक्त मान हलवली, म्हणजे हे तिला माहीत होतं.

"काहीच?"

"काहीच नाही. यादीत नाव घातलंय. थांबावं लागेल म्हणाल्या."

"आणि तो कागद? तो कसा काय ठीक होता?"

"तेव्हा ठीकच होतं. तो ताप आला होता बघ, चौदाव्या महिन्यात. त्याने गेलं. तसं होतं म्हणाल्या त्या. लिहून घेतलंय तसं."

"तापाने," ती म्हणाली. तिचे खांदे थोडे खाली आले. "म्हणजे वर्षभर ऐकलं तिने. मी म्हटलेलं काहीतरी ऐकलं असेल."

"असेलच की."

बायकोने डोळे पुसले. गोटी आईबापांच्या ओठांकडे आळीपाळीने बघून कंटाळली होती. तिने बापाच्या डाव्या मांडीवर थाप मारली आणि डावीकडे पाहिलं. मग उजवीवर मारली आणि उजवीकडे पाहिलं. मग मान उलटी करून त्याच्याकडे बघत हसली, आणि दोन्ही हातांनी थापा मारत सुटली. फिटरने तिचे हात धरले. ते त्याने करायला नको होतं.

बायको त्याच्या गुडघ्याकडे बघत राहिली. शेडमध्ये तिच्या शेजारच्या मागाशी उभं राहून त्याने हजारदा तिला तसा गुडघा लावला होता. लग्नाच्या आधीही.

"मागच्या वेळी," तिने विचारलं, "ती तुझ्या मांडीवर होती?"

त्याच वेळी दोनचा भोंगा झाला. बाकाजवळून जाणाऱ्यांनी कानांवर हात ठेवले. गोटी कांडीशी खेळत होती. भोंगा पूर्ण एक मिनिट वाजतो, त्यात काही ऐकू येत नाही, पण त्या दोघांना ऐकू यायची गरज नव्हती.

"हो," त्याचे ओठ म्हणाले. "मला कळलं नाही. देवाशप्पथ. मला आज कळलं."

"त्यांना सांगितलंस?"

त्याने पिशवी तिच्याकडे सरकवली.

"मी म्हणत होते," ती म्हणाली. "सहा महिन्यांपूर्वीच मी म्हटलं, आणि तू पाय आपटून दाखवलास."

भोंगा थांबला तेव्हा तिने गोटीला त्याच्या मांडीवरून उचलून कडेवर घेतलं, पिशवी खांद्याला लावली, त्यातला फॉर्म काढून वाचला आणि घडी करून कमरेला खोचला.

"उद्या मी रजा टाकते. जाऊन खरं काय ते सांगते. त्यांनी चुकीच्या रीतीने सुरुवात करायला नको."

"मी येतो."

"नको."

एवढं बोलून तिने तोंड फिरवलं. शेडमध्ये कुणी तोंड फिरवलं की बोलणं संपतं, मग समोरच्याने कितीही सांगितलं तरी ते पोहोचत नाही. पाळीचा मुकादम फाटकातून ओरडला, "फिटरसाहेब, यायचंय की आमंत्रण पाठवू? बारा नंबर सकाळपासून बंद आहे."

तो आत गेला. मागे वळून पाहिलं तेव्हा बायको रस्त्याच्या पलीकडे पोहोचली होती. गोटीला तिने खाली उतरवलं होतं आणि तिच्यासमोर गुडघे टेकून बसली होती. चाळीस माग पलीकडचे ओठ फिटरला वाचता येत, तेवढा तर हा रस्ता रुंदही नव्हता. तो थांबून बघत राहिला. गोटी आईच्या तोंडाकडे बघत होती, नेहमीसारखी, एक बोट तिच्या ओठांपाशी नेऊन. ते ओठ मिटलेले होते. गोटी वाट बघत उभी होती.

"फिटर!" मुकादमाने त्याच्या खांद्याला हात लावला.