चिमणाबाईचा अडकित्ता

लिफ्ट चालू होती, हे आधीच सांगितलेलं बरं. आत दिवा लागला होता, पंखा फिरत होता, सकाळीच साहेबलोकांच्या वर-खाली फेऱ्या मारून झाल्या होत्या. फक्त दारावर आडवी गुलाबी फीत बांधली होती. आणि फितीच्या अलीकडं, करकरणाऱ्या स्ट्रेचरवर, कळंब्याच्या चिमणाबाईचा नवरा गुंडू छाती धरून पडला होता.

धार काढता काढता त्याला कळ आली. शेजारच्या संगमेशनं रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात आणला. खालच्या डॉक्टरीणबाईंनी ईसीजीची पट्टी काढून सांगितलं, झटका आहे, तिसऱ्या मजल्यावर आयसीयूत न्या, आणि यांना एक पायरीही चढू देऊ नका. आता एवढं सांगायला काय लागतं, पण नेणार कोण? जिन्यानं उचलायचं तर चार माणसं पाहिजेत, आणि सगळे वॉर्डबॉय नवे कपडे घालून, हातात गुच्छ घेऊन गेटवर उभे. शेजारी हलगीवाले. फीत कापली की वाजवायचं, एवढंच त्यांना सांगून ठेवलेलं.

"मावशी, उद्घाटन व्हायचंय अजून," लिफ्टपाशी बसलेला विश्वजित म्हणाला. "पावणं हातकणंगल्यात जेवायला बसल्यात. येतील की."

"आरं, माणूस मरायला लागलाय."

"मला वरनं ऑर्डर हाय. माझी नोकरी जाईल."

भिंतीवर हात जोडलेला एक हसरा चेहरा आणि खाली तक्रारीचा नंबर होता. संगमेशनं तो लावून फोन तिच्या हातात दिला. आतून गोड आवाज आला, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, कृपया प्रतीक्षा करा. मग बासरी. मग परत कॉल महत्त्वाचा, परत बासरी.

"महत्त्वाचा हाय तर उचल की गं भवाने," चिमणाबाई त्या बाईला म्हणाली. बासरी काही थांबली नाही.

तेवढ्यात चॅनेलचा यशराज माईक घेऊन आला. तिला वाटलं, चला, देव पावला. पण तो फितीकडं बोट करून म्हणाला, "आज्जी, स्ट्रेचर जरा मागं घ्या, फ्रेममध्ये येतंय."

"मग येऊ दे की. हेच दाव लोकास्नी."

"तसं न्हाय आज्जी. आज पॉझिटिव्ह बातमी हाय. काय बरंवाईट झालं तर उद्या तुमची स्पेशल स्टोरी लावतो."

"मेल्या म्हशीला मणभर दूध काढतोस व्हय रं," ती म्हणाली. "जिता माणूस पडलाय हितं, त्याचं काढ आधी."

यशराज दुसऱ्या बाजूला जाऊन उभा राहिला. गुंडूनं तिच्या पदराला हात घातला. घामानं त्याचं तोंड निथळत होतं. "चिमणे," तो कसंबसं बोलला, "म्हसरास्नी पाणी दावलंस का?"

बस्स. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जन्मभर हा माणूस कुणाला मोठ्यानं बोलला नव्हता, आणि आता फितीखाली मरायच्या वक्ताला त्याला म्हशींच्या तहानेची काळजी. तिनं कमरेची चंची सोडली, सुपारीचा अडकित्ता काढला, आणि विश्वजित उठेपर्यंत फीत कचकन तोडली.

आणि गेटवर हलगी कडाडली.

वॉर्डबॉयनी सवयीनं टाळ्या वाजवल्या. कुणीतरी फुलं उधळली, ती गुंडूच्या अंगावर पडली. विश्वजित "बंद करा, बंद करा" म्हणून गेटकडं पळाला, पण हलगीपुढं कुणाचं ऐकू येतंय? संगमेशनं स्ट्रेचर आत ढकललं आणि लिफ्ट निमूटपणे वर गेली.

वर डॉक्टरांनी गुंडूला लगेच आत घेतलं. बऱ्याच वेळानं बाहेर येऊन ते म्हणाले, "वाचतील. बरं झालं, वेळ न घालवता आणलंत." मग एक चिठ्ठी मिळाली. आतलं औषध संपलं होतं, बाहेरून आणायचं होतं.

दाराबाहेर दुसऱ्या एका रुग्णाच्या नातेवाइकाच्या मोबाइलवर बातम्या लागल्या होत्या, त्यात यशराज सांगत होता, "मान्यवरांच्या हस्ते लिफ्टचं लोकार्पण झालं असून रुग्णांची गैरसोय कायमची दूर झाली आहे." मान्यवर अजून आलेलेच नव्हते. चिमणाबाई लिफ्टचं बटण दाबत बसली, लिफ्ट काही येईना, म्हणून ती जिन्यानं उतरली.

खाली नवी फीत बांधलेली होती. यावेळी दुहेरी. फितीच्या अलीकडं त्याच करकरणाऱ्या स्ट्रेचरवर एक पोटुशी पोर कण्हत होती, आणि तिची आई गंगव्वा विश्वजितच्या पाया पडत होती.

"बातमीत उघडलीया की रं लिफ्ट," चिमणाबाई म्हणाली. "सगळ्या जिल्ह्याला कळलं, तुलाच कसं न्हाय कळलं?"

"मावशी, तुम्ही गप ऱ्हावा. तुमचं काम झालंय न्हवं?"

ते ऐकून तिला पहिल्यापेक्षा जास्त राग आला. हातात औषधाची चिठ्ठी होती, वर गुंडू वाट बघत होता, थांबायला सवड नव्हती. तिनं चंचीतून अडकित्ता काढला आणि गंगव्वाच्या हातात ठेवला.

"दुहेरी हाय," ती म्हणाली. "जोर लावून दाब."

आणि ती औषध आणायला गेली. दवाखान्याचं गेट ओलांडायच्या आत पाठीमागं हलगी वाजायला लागली.