नमुना क्रमांक चार

वहिनींना घरात सगळे ‘अर्धी डॉक्टर’ म्हणत, आणि मनातून त्यांना ते आवडतही असे. अकरा वर्षं त्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करत होत्या. डॉक्टरांचं कोंबडीचे पाय उमटल्यासारखं अक्षर त्यांच्याइतकं कुणालाच लागत नसे. घरात कुणाचं पोट बिघडलं, की सासूबाई आधी सुनेला विचारत आणि मगच दवाखान्याची पायरी चढत.

त्यामुळे धाकट्या दिराला स्वयंपाकघरात झटका आला, तेव्हा सगळ्यांच्या नजरा वळल्या त्या वहिनींकडेच.

भावजी दुकानांच्या पाट्या रंगवायचे. त्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन ओट्याशी उभे होते. आधी उजवा अंगठा फडफडला, मग मनगट. कप फुटला आणि एवढा धिप्पाड माणूस ओट्यावर आपटून खाली कोसळला. डोळे पांढरे, तोंडाला फेस. सासूबाई किंचाळल्या. वहिनींनी भावजींना कुशीवर वळवलं, डोक्याखाली टॉवेल सरकवला.

तिसऱ्या दिवशी मेंदूच्या स्कॅनचा रिपोर्ट हातात आला. इस्पितळाच्या बाकावर बसून वहिनींनी तो उघडला. ‘न्यूरोसिस्टिसरकोसिस.’

“हात्तिच्या!” त्यांचा जीव भांड्यात पडला. “जंत आहेत हो, जंत! आमच्याकडे नेहमी येतात असले रिपोर्ट. एका गोळीचं काम.”

“एका गोळीचं? कोण म्हणालं?” दारात मेंदूच्या डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. त्यांनी सगळ्यांना आत बोलावलं.

“तुम्ही म्हणताय तो टीनिएसिस,” त्या वहिनींना म्हणाल्या. “त्यात मोठा जंत आतड्यात राहतो. तो गोळीनं पडतो. हा सिस्टिसरकोसिस. जंत तोच, पण इथे त्याची पिल्लं शरीरात शिरून गाठी करून बसतात. यांच्या मेंदूत तीन आहेत. म्हणून शब्दाच्या आधी ‘न्यूरो’ लावलाय.”

दोन्ही शब्द वहिनींनी शेकडो वेळा टाइप केले होते. एकदाही स्पेलिंग चुकलं नव्हतं.

“पण तो जंत डुकराच्या मांसातून होतो ना?” सासूबाई फणकारल्या. “आमच्या घरात ते कधी आलेलं नाही!”

“कच्चं राहिलेलं मांस खाल्लं तर पोटात जंत होतो, आजी. यांच्या पोटात गेली ती त्या जंताची अंडी, आणि ती येतात माणसाकडून. ज्याच्या पोटात जंत आहे, त्याचे हात शौचानंतर नीट धुतले गेले नाहीत आणि त्याच हातांनी काकडी चिरली, की झालं. त्याला स्वतःला काही त्रासही जाणवत नाही.” मग त्यांनी कागदावरून मान वर करून विचारलं, “घरात स्वयंपाक कोण करतं?”

भावजींनी वहिनींकडे पाहिलं आणि चटकन नजर वळवली.

घरातल्या चौघांचे नमुने वहिनींच्याच लॅबमध्ये गेले. डब्यांवर नावं नव्हती, नुसते आकडे. ते वहिनींनीच घातले होते. दोन दिवसांनी पॅथॉलॉजिस्टची चिठ्ठी टेबलावर आली. एक, काही नाही. दोन, काही नाही. तीन, काही नाही. चार, टीनियाची अंडी आढळली.

बोटांनी सवयीनं ओळ टाइप करून टाकली. ती वाचली तेव्हा वहिनींना वाटलं, खुर्चीखालची जमीनच सरकली. चौथा क्रमांक त्यांचाच होता.

दोन वर्षांपूर्वी एका सहकाऱ्याच्या निरोपाला सगळे बाहेर जेवायला गेले होते. सळईवर भाजलेले मांसाचे तुकडे आतून गुलाबीच होते. कसले आहेत, हे न विचारताच त्यांनी चवीचवीनं तीन-चार खाल्ले होते. तेव्हापासून दोन वर्षं याच हातांनी भावजींच्या ताटात वाढलं होतं. त्यांनी हात पालथे करून पाहिले, उताणे करून पाहिले. स्वच्छ, नखं कापलेली.

चिठ्ठी फाडून टाकायला एक क्षण पुरला असता. त्या क्षणाची आठवण पुढे त्यांना जास्त छळत राहिली.

संध्याकाळी घरी जाऊन त्यांनी चप्पलही काढली नाही. दारातच म्हणाल्या, “माझ्यात आहे. भावजींना माझ्यामुळे झालं.”

नवरा “अगं, असं कसं...” म्हणत अर्धवट उठला. सासूबाईंनी वहिनींच्या हातातली भाजीची पिशवी काढून घेतली. मारलं असतं तर बरं, असं वहिनींना झालं.

वहिनींची गोळी खरंच एकच होती. भावजींची औषधं महिनोन्महिने चालली, आणि शिडीवर चढायचं नाही, अशी सक्त ताकीद मिळाली. पहिले पंधरा दिवस ते वहिनींशी बोललेच नाहीत. मग एका दुपारी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

“वहिनी, मला राग आलाय. खूप आलाय,” ते म्हणाले. “पण तुम्ही गप्प बसला असतात, तर आणखी दोघं पडली असती. हेही मला कळतं.”

“भावजी, मी...”

“आज काही बोलू नका. जमेल तेव्हा मीच बोलेन.”

ते आपल्या खोलीत गेले. वहिनी नळाखाली हात धरून तशाच उभ्या राहिल्या, कितीतरी वेळ. वहिनींची तपासणी स्वच्छ येऊन महिना झाला, तरी सासूबाईंनी कोशिंबिरीची काकडी स्वतःच चिरली. वहिनींनीही विळी मागितली नाही.