तळाशी राहिलेला थेंब

मी एक जुनी, काळपट तळाची काचेची बाटली. माझा जन्म जर्मनीत झाला आणि मी पोहत पोहत रत्नागिरीला आले, असं मी प्रयोगशाळेच्या कपाटातल्या काचनळ्यांना सांगते. मित्रांनो, तुम्हाला मात्र खरं सांगते.

मी मिरकरवाड्यातल्या दत्ताराम खलाशाच्या होडीवर होते. लाकडाला चोपडायचं काजूच्या टरफलांचं तेल माझ्या पोटात असे. असं जहाल, की बोटाला लागलं तर कातडी सोलून निघे. १९८४ साली त्याचा मेहुणा धोंडू मला कॉलेजच्या प्रयोगशाळेत घेऊन गेला. तो तिथे शिपाई, आणि बाटल्या कमी पडत होत्या. त्याने मला साबणाने दोनदा धुतलं. तरी तळाच्या खाचेत एक थेंब उरला. मला तो ठाऊक होता.

गुणवंतीबाई तिथे वनस्पतिशास्त्र शिकवत. सातविणीच्या झाडाच्या सालीचा स्पिरिटातला अर्क त्यांनी माझ्यात भरला आणि एस.टी.च्या पार्सलाने मुंबईच्या एका प्रयोगशाळेला धाडला. तिथे बशीत वाढवलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या पेशींवर तो घालून पाहायचा होता. साबणाला दाद न देणारा थेंब स्पिरिटात मुकाट विरघळला. पेशी झाडून मेल्या! पत्र आलं, मीही परत आले. बाईंनी मला उंच धरून सगळ्यांना दाखवलं. मी फुशारले आणि थेंबाचं विसरले.

दत्तारामाच्या फुप्फुसातही तसलीच गाठ होती. धोंडूकडून बातमी कळताच तो बायकोला घेऊन खोकत आला.

"आता मुंबयला कशाला जाऊ? सातवीण हाय की दारात!"

"अवो, इस्पितळाची तारीख गेली तर परत मिलायची नाय," ठमाबाई म्हणाली.

"तू गप ऱ्हव."

"दत्ताराम, बशीतल्या पेशी निराळ्या, माणूस निराळा," बाईंनी बजावलं. पण तो महिनाभर सातविणीच्या सालीचा काढाच पीत राहिला.

मग खात्री करायला बाईंनी तोच अर्क नव्या बाटलीतून पाठवला. या खेपेला पेशी जिवंत! बाईंनी माझ्या तोंडाला नाक लावलं.

"धोंडू, हिच्यात आधी काय होतं?"

"होडीचा तेल. पन दोनदा धुतली, बाई."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुमी इचारलात कुठं?"

 बाई मला पिशवीत घालून दत्तारामाच्या अंगणात गेल्या नि म्हणाल्या, "चूक माझी. झाडाचा काही गुण नाही."

"म्हंजे माझ्याच होडीचा तेल? मग तेलच पितो आता!" तो हसला, हसता हसता खोकला. ठमाबाई हसली नाही. ती बोचकं बांधायला आत गेली.

मुंबईहून परतल्यावर ठमाबाई प्रयोगशाळेत येऊन बाईंना एवढंच म्हणाली, "डाक्टर म्हनाले, उशीर झाला. इचारलान, मधला म्हयना कुठं घालवलात?"

 मी तिथेच टेबलावर होते. तो महिना मी घालवला, मित्रांनो, कौतुकाच्या हावेपायी. मला माणसांसारखं बोलता येत नाही, ही माझी सबब. तुम्हाला येतं. भांडं हाती घेताना आत आधी काय होतं ते विचारा. आणि ठाऊक असेल, तर कुणी विचारायची वाट पाहू नका.